घरामागची भिंत

ती टीव्हीवर बोलत होती तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

आमच्या हॉकी क्लबच्या अध्यक्षांच्या बंगल्याचा हॉल गच्च भरला होता. क्लबच्या मुली, त्यांचे आईबाप, चौकातले कार्यकर्ते, सगळे. अध्यक्षांची मुलगी भारताकडून आंतरराष्ट्रीय लीग खेळत होती आणि त्या दिवशीचा सामना युरोपात कुठेतरी होता. सोफे पाहुण्यांना, सतरंजी क्लबच्या मुलींना, आणि मला स्वयंपाकघराचं दार. वहिनीसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांच्या बायकोनं, मी आल्या आल्या माझ्या हातात ट्रे दिला होता. दुसऱ्या कुणाच्या नाही दिला.

सामना संपला. तिच्यापुढे माइक आला. एवढा जोरात फ्लिक मारायला, चेंडू स्टिकनं उचलून गोलात फेकायला, कुठे शिकलीस, असं विचारलं. ती हसली आणि हिंदीत म्हणाली, आमच्या घरामागे एक भिंत होती, लहानपणापासून तिच्यावर मारून मारून शिकले.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आमच्या क्लबचे कोच, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघा की. भिंत चहा वाटायलीया."

सगळे हसले. सतरंजीवरच्या मुलीसुद्धा. मी ट्रे खाली ठेवला.

त्या बंगल्यामागे भिंत नाही. तारेचं कुंपण आहे आणि पलीकडे ऊस. तिथे मी होते.

मी गोलकीपर. कबनूरची. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात, आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. शाळेच्या सामन्यात सरांनी मला पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, पोरीत दम आहे, क्लबात पाठवा. आई हरखून गेली होती. क्लबात गेले तर सरांनी मला मैदानावर न नेता बंगल्यामागे नेलं. अध्यक्षांनी लेकीसाठी तिथे गोलपोस्ट बसवला होता. मला क्लबचे पॅड बांधले आणि त्यात उभं केलं. शाळा सुटली की एसटीनं कोल्हापूर, आणि दिसेनासं होईपर्यंत तिचे चेंडू. मैदानावरच्या सामन्यात दुसरी कीपर असायची. मी फक्त अध्यक्षांच्या लेकीच्या सरावाची.

ती माझ्यापेक्षा लहान. तरी मी तिला ताई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. ती मला भिंत म्हणायची. हे नाव सरांनी पाडलं होतं. काय अडवते, भिंतच हाय ही, असं म्हणाले होते. मला ते नाव मिरवावंसं वाटायचं. घरी सांगितलं तेव्हा वडीलही खूश झाले होते. सराव संपला की मात्र पाणी बागेतल्या नळाला प्यायचं. एकदा पॅडसकट मागच्या पायरीवर बसले तर वहिनीसाहेब आतून म्हणाल्या, "पॅड तकडं लांब काढ. वास मारतोय." ताईचे बूट त्याच पायरीवर, चिखलानं भरलेले.

त्या लीगचा हंगाम लांबलचक असतो. आज या देशात, पुढच्या आठवड्यात त्या देशात. चौकात तिचा फ्लेक्स लागला, बंगल्याहून उंच. बाकीचा एकेक सामना मी मोबाईलवर पाहिला. आईचा डबा द्यायला गेले की कारखान्याच्या खडखडाटात, आवाज न ऐकता पाहिला. आणि मी जळत होते. दुसरा सभ्य शब्द शोधत नाही.

भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला, ती चेंडूकडे धावली, की मी मनात समोरच्या कीपरला सांगायचे, अडव. अडव बाई तिला. चेंडू बाहेर गेला की माझ्या जिवाला गार वाटायचं. त्या हंगामात आपला संघ बरेच सामने हरला. गल्ली हळहळली, मी पोटभर जेवले. कुणी मला देशद्रोही म्हणणार असेल तर म्हणू दे. आधी माझ्या मांड्यांवरचे काळेनिळे वळ बघावेत आणि मग म्हणावं.

पण खरा मत्सर मला तिचा नव्हताच. तो त्या परक्या कीपरांचा होता. एखादीनं तिचा फ्लिक अडवला की पडद्यावर खाली त्या कीपरचं नाव यायचं. मोठ्या अक्षरात. मी तसले फ्लिक इथे रोज अडवले. माझं नाव कुठे आलं?

हंगाम संपून ती परत आली तेव्हा हलगी, उघडी जीप, गुलाल, सगळं झालं. आदल्या दिवशी सरांचा फोन आला. सत्कारानंतर स्टेडियमवर ती फ्लिक मारून दाखवणार आहे, पॅड बांधून ये, असं म्हणाले. पुढे म्हणाले, "चॅनेलवाले येणारायत. एक बी आडवायचा न्हाय. सोडायचा. पुढच्या म्हैन्यात राज्याच्या संघाची निवड हाय, कीपरचं नाव क्लबच धाडतोय. ध्यानात ठेव."

ध्यानात होतं. राज्याच्या निवडीला जायचं म्हणूनच तर इतकी वर्षं तो मागचा नळ सोसला होता. मी हो म्हणाले. गोलात उभी राहीपर्यंत सोडायचंच असं ठरवलं होतं.

पहिला चेंडू आला. पाय आपोआप गेला. चेंडू पॅडवर आपटून बाहेर. स्टँडमधून कुणीतरी शिट्टी मारली. सर लांबून हातवारे करायला लागले. दुसरा चेंडू आला, डाव्या बाजूला, वर. तो मी हातानं उडवला. तेव्हा हात आपोआप गेला नव्हता. तेव्हा मी ठरवून अडवला.

ती स्टिक खांद्यावर टाकून माझ्याजवळ आली. कॅमेरे लांब होते. गोड आवाजात म्हणाली, "अगं, सोड की एखादा. काय झालंय तुला?"

मी हेल्मेट वर केलं. म्हणाले, "घरामागं भिंत कुठाय तुमच्या?"

तिला आधी कळेना. मग कळलं. ओशाळली थोडी, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "ऐनवेळी नाव आठवेना गं तुझं. सगळे भिंतच म्हणतात की तुला."

तिनं कट केला नव्हता. माझा अपमान करायचा म्हणूनही बोलली नव्हती. माझ्या अंगावर चेंडू मारत ती मोठी झाली आणि माझं नाव तिला आठवावं लागत होतं, तरी आठवलं नाही. मला भिंत हे नाव आवडत होतं, त्यांना ते सोयीचं होतं, बस्स.

मी म्हणाले, "जा मागं. आणि मार. मी सोडणार न्हाय तुला."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तू म्हटलं. सगळ्या मैदानात ते दोघींनाच ऐकू गेलं, पण तिचा चेहरा बदलला. तिसरा फ्लिक तिनं खराखुरा मारला. मी झेपावले, बोटं पोचली नाहीत, गोलाची मागची फळी वाजली. तो गोल होता. मी तिला दिला नव्हता, तिनं घेतला होता. माझ्याविरुद्ध ती पहिल्यांदाच खेळली.

मी पॅड तिथेच सोडले आणि बाहेर आले. सर गेटपर्यंत मागे आले. क्लबात पाय ठेवू नको म्हणाले, नाव जाणार नाही म्हणाले. खरंच गेलं नाही. आई अजून विचारते, एक सोडला असतास तर काय बिघडलं असतं. कांड्या भरता भरता विचारते, माझ्याकडे न बघता.

मी अजूनही जळते. फ्लेक्स अजून चौकात आहे आणि एसटी तिथूनच जाते. हे जळणं विझावं असं मला वाटत नाही.

निवडीच्या दिवशी मी जाणार आहे. क्लबचं पत्र नाही, पॅड नाहीत. कुणाचे तरी मागून बांधीन. मिळाले नाहीत तर निवड समितीच्या टेबलापुढे उभी राहीन आणि माझं नाव सांगेन, आडनावासकट, दोनदा. हाकललं तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. चेंडू अंगावर घ्यायला माझी कधीच ना नव्हती. पण ज्याला गोल हवा असेल त्यानं तो मारून घ्यावा. माझ्याकडून सोडलेला मिळणार नाही.