नसलेल्या धबधब्याला जाऊन आलो

मोबाइलवरच्या व्हिडिओत धबधबा थेट समुद्रात कोसळतोय, मागे नारळ, वर चंद्र आणि खाली लिहिलेलं, ‘पालघरचं गुपित’. मी भूगोलात जेमतेम पास झालेला माणूस. एवढ्या सपाट किनाऱ्यावर पाणी पडेल कुठून, हे मनातही आलं नाही. सकाळी नाशिकहून जव्हारमार्गे पालघरची एसटी पकडली (घाटात पोट सांभाळायचं तर पुढची सीट घ्या). पालघरहून लोकलने बोईसरला उतरायचं. मी तोच व्हिडिओ पुन्हा बघत बसलो आणि उतरलो वाणगावला. आता उतरलोच आहे तर म्हणून मिरच्यांचे ढीग बघितले, भजी खाल्ली, मग उलटा बोईसरला आलो. तिथून किनाऱ्याकडे शेअर रिक्षा जातात, भरल्याशिवाय हलत नाहीत. पुढे कोणता फाटा, ते शेवटी सांगतो.

गावात समुद्र होता, खडक होते. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत होते. तिथल्या एका बाईंना विचारलं, "मावशी, धबधबा कुठे?"

"आला आणखी एक," त्या शेजारणीला म्हणाल्या. मग मला, "एआयचा हाय तो. आमच्या नळाला पाणी नाय, धबधबा कुठला?"

हिराबाय त्यांचं नाव. धबधबा शोधणाऱ्यांच्या गाड्या थेट त्यांच्या सुकवणीच्या जागेत घुसायच्या. धूळ बसलेले बोंबील कोणी घेईना. त्यावरच दुपारी ग्रामसभा होती. मला पुरावा म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"ह्यो बगा, नाशिकवरून आलाय," हिराबाय म्हणाल्या. "तोंडावरून येडा वाटतो का? तरी आला."

वडापावची गाडी लावणारा तरुण उठला. "धबधबा खोटा असंल, मावशी. गिऱ्हाईक खरं हाय."

सरपंचांनी मला विचारलं, "खरं कळलं, आता परत येशील?"

"बोंबील खायला येईन," मी म्हणालो. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. इतका निरुपयोगी साक्षीदार त्या सभेने पाहिला नसावा.

हात वर झाले. हिराबाय थोडक्यात जिंकल्या. गाड्या फाट्यावरच थांबवायच्या असं ठरलं. त्यांनी तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं, सोबत सुके बोंबील बांधून दिले, घरी पोचल्यावर कळव म्हणून नंबरही दिला. परतताना रिक्षात मला समाजसेवा सुचली. व्हिडिओखाली लिहिलं, ‘मी जाऊन आलो. इथे धबधबा नाही.’

घरी पिशवीच्या वासामुळे आईने मला गॅलरीत जेवायला बसवलं. काही दिवसांनी हिराबायचा व्हॉइस मेसेज आला. "पोरा, तुजं लिवलेलं लई लोकांनी वाचलं. आता खरंच नाय का, ते बगायला येतात. फाट्यावर कोण थांबत नाय."

बघतो तर माझ्या कमेंटखाली भांडण जुंपलेलं. भांडण वाढेल तसा व्हिडिओ आणखी लोकांना दिसत होता. गावाने हात वर करून ठरवलेलं मी अंगठ्याने मोडून ठेवलं. कमेंट खोडली. व्हिडिओवाल्याला मेसेज केले, उत्तर नाही. त्या सभेला तो नव्हताच, आणि मोबाइलला ठराव पाळायची सक्ती नाही.

तर फाटा. नाही सांगत. बोईसरपर्यंत या, बाजारातून सुके बोंबील घ्या. दाताखाली धुळीची कचकच लागली नाही, तर आमची सभा जिंकली असं समजा.