अडकलेले दाजी

लिफ्ट मध्येच बंद पडली की माणूस खरा कसा आहे ते कळतं, असं दाजींचं मत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. सगळी हयात लिफ्टदुरुस्तीत गेलेली. इमारतीच्या डोक्यावरच्या मोटरच्या खोलीत, वंगणाच्या वासात ते रमत. अडकलेल्या माणसाला धीर देण्यात तर त्यांचा हातखंडा होता. दाराच्या फटीला तोंड लावून ठरलेलं वाक्य म्हणायचं, "घाबरायचं नाही, हवा भरपूर आहे, मी आलोय." माणूस सुखरूप बाहेर पडला की घरी येऊन त्याची नक्कल करायची. धीर देणं हा धंदा होता आणि नक्कल हा शौक.

सगळ्यात गाजलेली नक्कल होती त्यांच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. हा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना चष्मा जुळवून द्यायचा. अबोल, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऐन तारुण्यात तो एकदा दुकानाच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकला आणि आतून ओरडायला लागला. नेमके दाजीच सोडवायला गेले. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'अडीच'. दाजींची पोरं त्याला अडीचमामा म्हणायची. धाकट्याला तर मामाला दुसरं काही नाव आहे हे शाळेत जायला लागल्यावर कळलं.

घरात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, "दाजी, ती लिफ्टची होऊन जाऊ द्या!" की दाजी उठत, कपाटाला पाठ लावून उभे राहत, दोन्ही हातांनी हवेतलं दार बडवत आणि बारीक आवाज काढत, "दाजी! अहो दाजी! हवा संपली! ताईला सांगा, माझं तिच्यावर प्रेम होतं!" लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. अडीच पण हसायचा. हसता हसता तो चष्मा काढून पुसत बसायचा.

एक गोष्ट दाजींनी नकलेत कधी आणली नव्हती. त्या दिवशी ते तिथे लगेच पोचले होते. आतला आवाज कुणाचा ते त्यांनी ओळखलं होतं. आणि ओळखल्यावर, गंमत म्हणून, ते तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. समोरच्या दुकानातून आणलेला चहा हातात होता, तो त्यांनी सावकाश संपवला. आत मेहुणा रडत होता आणि बाहेर हे तोंडावर रुमाल दाबून हसत होते. मग कप खाली ठेवून त्यांनी दाराला तोंड लावलं आणि म्हणाले, "घाबरायचं नाही, मी आलोय." हे कुणालाच माहीत नव्हतं, निदान दाजींचा तसा समज होता.

दाजींचे डोळे पिवळे झालेत हे पहिल्यांदा अडीचच्याच लक्षात आलं. लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच त्याचा धंदा. ताईकडे आला असताना तो हळूच म्हणाला, "दाजी, खिडकीपाशी या जरा. हे बरं नाही दिसत." अंगाला खाज सुटत होती, लघवी काळपट होत होती, पण दाजींनी ते सगळं उन्हाळ्यावर ढकललं होतं. बायकोने मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांपुढे बसवलं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळीही फुगलेली दिसली. म्हणजे खाली कुठेतरी वाट बंद होती. पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड लपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "एमआरसीपी करून घ्या. मोठ्या मशीनमध्ये नळीचे फोटो निघतात. खडा असेल तर तोंडातून दुर्बीण घालून काढता येईल, पोट फाडायचं काम नाही. गाठ असेल तर मात्र गोष्ट निराळी."

त्या 'निराळी'ने बायकोची झोप उडाली. दाजी मात्र म्हणाले, "फोटोच काढायचाय ना? मी लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात तोंडात बॅटरी धरून काम केलंय." सोबत अडीच गेला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

मशीनच्या खोलीत दाजींना मागून नाड्या बांधायचा झगा दिला. पाटावर आडवं केलं, पोटावर एक जड तक्का पट्ट्यांनी आवळला, कानांवर डबडी चढवली, हातात रबरी फुगा दिला. "काही वाटलं तर दाबा, काका. मी सांगेन तसा श्वास धरा," तिथली मुलगी म्हणाली. पाट सरकत आत गेला. छत नाकापासून चार बोटांवर आलं. मग ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना बाहेर यायची वाट दाजींच्या हातात असायची. इथे ती दुसऱ्याच्या हातात होती. कानात मुलगी म्हणाली, "श्वास घ्या, सोडा, धरा," आणि दाजींना कळेना की घ्यायचा कसा. छाती भरेना. त्यांनी फुगा दाबला, पुन्हा दाबला, आणि मग ते ओरडले. काय ओरडले ते त्यांना स्वतःला नीट ऐकू आलं. "हवा संपली!"

पाट बाहेर आला. मुलगी गोड स्वभावाची होती, तेच वाईट झालं. "होतं असं पुष्कळ जणांना, काका. थोडं बसा, परत करू." दाजींनी ऐकून घेतलं नाही. अनवाणी, पाठीमागच्या नाड्या सुटलेल्या, घामाने भिजलेले असे ते थेट बाहेरच्या बोळात आले. बाकावर मांडीवर त्यांचे कपडे घेऊन अडीच बसला होता.

त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडला आणि दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा हसेल, असं वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं. अडीच उठला, पाठीमागे जाऊन त्याने नाड्या बांधल्या, शर्ट पुढे केला आणि म्हणाला, "बसा. पाणी आणतो."

"ताईला सांगू नकोस," दाजी म्हणाले.

"नाही सांगत. पण उद्या परत येऊ आपण. मी आत थांबतो. नातेवाइकाला थांबू देतात, मी विचारलंय."

"बघू."

घरी दारातच बायकोने विचारलं, "काय निघालं?" तिचा चेहरा पाहून दाजींच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. साफ आहे. रिपोर्ट परस्पर डॉक्टरांकडे पाठवणारेत." ती मटकन खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिचा जीव भांड्यात पडला होता. अडीच चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा होता. तो खाली बघत राहिला.

खोटं बोलणं एक वेळ सोपं होतं, ते सांभाळणं जड गेलं. बायकोने साऱ्या इमारतीत सांगितलं. त्यात पिवळेपणाही थोडा उतरला. आतला अडथळा जागचा हलून वाट किलकिली झाली असावी, पण दाजींना वाटलं की गेलंच दुखणं. अडीच रोज फोन करायचा. "दाजी, आज जाऊया?" आधी दाजी टाळाटाळ करत होते. मग एकदा सगळ्यांदेखत फोनवर डाफरले, "मला शिकवू नकोस, अडीच! स्वतः लिफ्टमध्ये चड्डी ओली केलीस ते विसरलास का?" तसं काही झालं नव्हतं, हे दाजींना पक्कं माहीत होतं. पोरं खदखदून हसली. त्या रात्री दाजींना जेवण गेलं नाही.

आणि मग एका सकाळी मोटरच्या खोलीत पाना हातात असतानाच त्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, पाना सुटून खाली पडला. वॉचमनने त्यांना धरून त्यांच्याच लिफ्टने खाली आणलं. इस्पितळात पोचेपर्यंत अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि डोळे पुन्हा पिवळेजर्द झाले होते. बायको आली, दुकानातून अडीच धावत आला.

तिथले डॉक्टर नवीन होते. सोनोग्राफीचे कागद चाळत त्यांनी विचारलं, "यानंतर एमआरसीपी झाली होती का?"

"झाली ना," बायको ठामपणे म्हणाली. "साफ आहे. नळीत काही नाही."

"नळीत काही नाही?" डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "मग नळीचा नाद सोडून दुसरीकडे शोधायला हवं."

दाजींना सगळं ऐकू येत होतं. आता बोललं नाही तर हे लोक भलतीकडेच शोधत बसतील आणि आपण मरू, हे त्यांना समजत होतं. तरी ओठ उघडेनात. बायकोचा हात त्यांच्या कपाळावर होता. ती ज्या विश्वासाने 'साफ आहे' म्हणाली होती, तो विश्वास तिच्यासमोर मोडायचा? मरणापेक्षा त्या क्षणाची भीती वाटत होती. याला काय म्हणावं? माणूस इतका मूर्ख असू शकतो आणि तरी लोक त्याला मिस्त्री म्हणतात.

"डॉक्टर," पायथ्याशी उभा असलेला अडीच म्हणाला, "ती तपासणी झालीच नाही. त्या दिवशी मशीन बिघडलं होतं. परत बोलावलं होतं, मीच निरोप द्यायला विसरलो. दाजींना वाटलं, तपासणी झाली आणि काही निघालं नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. बायको तर उसळलीच. "विसरलास? अरे, माणूस जातोय इथे! कुठे ठेवतोस तुझं डोकं? आयुष्यात एक काम धड केलंस का?" अडीच "चुकलं, ताई" एवढंच म्हणाला. आणि दाजी डोळे मिटून पडून राहिले. मेहुण्याने त्यांच्या वाट्याची शिवी खाल्ली आणि त्यांनी ती खाऊ दिली.

इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी ताप जरा उतरला तसं त्यांना पुन्हा त्याच मशीनपाशी नेलं. झोपेचं औषध दिलं तर सांगेल तेव्हा श्वास धरता येणार नाही, म्हणून जागेपणीच करायचं ठरलं. अडीच आत थांबला. घड्याळ, किल्ल्या, चष्मा, पट्टा, अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू त्याला बाहेर ठेवावी लागली. पट्टा गेल्यावर पॅन्ट थांबेना. एका हाताने पॅन्ट धरून त्याने दुसऱ्या हाताने दाजींचं पाऊल धरलं. एरवी या ध्यानाची दाजींनी वर्षभर नक्कल केली असती.

पाट आत सरकला. छत खाली आलं. ठोकाठोकी सुरू व्हायची होती.

"दाजी," कानांवरच्या डबड्यांतूनही ऐकू येईल असा पायाकडून आवाज आला, "घाबरायचं नाही. हवा भरपूर आहे. मी आलोय."

दाजींनी डोळे घट्ट मिटले. "हे वाक्य तुला आठवतंय?"

"आठवतं ना. त्याआधीचा तुमचा खोकलासुद्धा आठवतो. पायरीवर बसला होतात तुम्ही. खोकल्यावरून ओळखलं मी." आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "मग वाटलं, दाजी बाहेर आहेत म्हणजे काढतीलच. थोडा धीर आला, खरं सांगतो. पाऊल हलवू नका."

मशीन धडधडायला लागलं. "श्वास घ्या, सोडा, धरा." दाजींनी धरला. प्रत्येक वेळी धरला. कानशिलांवरून पाणी ओघळून डबड्यांत जात होतं, आणि पावलावरची ती बोटं शेवटपर्यंत हलली नाहीत.

नळीच्या अगदी तोंडाशी खडा अडकलेला निघाला. गाठ नव्हती. दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, नळीचं तोंड जरासं कापून रुंद केलं आणि बारीक फुग्याने खडा आतड्यात ओढून काढला. तुंबलेला पू आणि पित्त वाहून गेलं. आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं, असं डॉक्टर बायकोला म्हणाले. ते म्हणताना त्यांनी पाहिलं अडीचकडे.

दाजी घरी आले तशी माणसं भेटायला आली. खोली भरली, चहा फिरला. एवढ्या दिवसांच्या धास्तीनंतर लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. एक चुलतभाऊ अडीचच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "काय रे, निरोप द्यायला विसरलास म्हणे! दाजींना वरच्या मजल्यावर पाठवत होतास की!" हशा पिकला. बायको तेवढी हसली नाही, तिचा राग अजून गेला नव्हता. अडीच मात्र हसला आणि चष्मा काढून पुसायला लागला.

ते चष्मा पुसणं दाजी इतकी वर्षं बघत आले होते. आज पहिल्यांदा त्यांना ते दिसलं.

"लिफ्टची गोष्ट सांगतो," दाजी म्हणाले.

"व्वा! या, या, दाजी बरे झाले!" लोक सरसावून बसले. दाजी कपाटापाशी गेले नाहीत. हातात चहाचा कप होता, तो तसाच धरून ते पलंगावर बसूनच बोलले. आधी मशीनचं सांगितलं. मशीन बिघडलं नव्हतं, मी बिघडलो. 'हवा संपली' म्हणून ओरडलो. पळून आलो. घरी येऊन खोटं बोललो, आणि इस्पितळात याने ते आपल्या अंगावर घेतलं तेव्हा गप्प बसलो. लोक सुरुवातीला हसले, त्यांना वाटलं नवी नक्कल आहे. मग दाजींनी पायरीवर बसल्याचं सांगितलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभी होती. तिने भावाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"तो आत रडत असताना?" तिने विचारलं. "किती वेळ बसला होतात?"

दाजींनी हातातल्या कपाकडे पाहिलं.

"चहा संपेपर्यंत."