वाघाटीच्या पिंजऱ्यासमोर बसणारी रेखा

गेवराईच्या बाजारातून परतले, तर दारात चपलाच चपला. वाटलं, पाहुणे आले असतील. रेखाला सांगावं, भात जास्त टाक. आत गेले, तर रेखालाच ओसरीवर निजवलेलं होतं. सकाळी पिशवी तिनेच माझ्या हातात दिली होती. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. चाळिशीसुद्धा न गाठलेली बाई... इतके आठवडे झाले, तरी मला हे खरं वाटत नाही.

रेखा माझी धाकटी जाऊ, मेंढपाळाची लेक. लहानपणी ऊसतोडीत तिला मुठीएवढी, तांबूस ठिपक्यांची पिल्लं दिसली होती. कुणीतरी "बिबट्या" म्हणून ओरडलं आणि माणसं काठ्या घेऊन धावली. "वाघाटी होती ती, अक्का. रानमांजराची जात, घरच्या मांजरापेक्षा बारकी. म्या सांगत होते, कुणी ऐकलंच न्हाई," कणीक मळता मळता ती एकदाच बोलली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पण शहरात तिच्या भावाकडे गेलो, की ती मला प्राणिसंग्रहालयात न्यायचीच. वाघाकडे ढुंकून बघायची नाही. थेट कोपऱ्यातल्या वाघाटीच्या पिंजऱ्यासमोर बसायची. लोक यायचे, "रिकामाय" म्हणून पुढे जायचे. मीही कंटाळायचे.

"चल गं, काही नाही तिथं."

"हाय. आपुन गप बसलो की येती."

पहिल्यांदा आली तेव्हा मी श्वास रोखला. आधी डोळे, मग कपाळावरचे पांढरे पट्टे. जमिनीला पोट टेकवून ती पाण्यापर्यंत आली, दोनदा जीभ लावली आणि दिसेनाशी झाली. रेखाचा चेहरा ओला झाला होता.

एका वर्षी गेलो, तर लोकांना मांजर दिसावं म्हणून आतलं गवत, खोका, सगळं काढलेलं. वाघाटी भिंतीला चिकटून थरथरत होती. चारचौघांत तोंड न उघडणारी रेखा थेट साहेबांच्या खोलीत गेली. "तिला लपायला जागा द्या. मग ती आपल्या मनानं बाहेर येईल," एवढंच म्हणाली आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलली नाही. पुढच्या खेपेला उंचावर लाकडी खोका होता.

परवा दीर म्हणाले, "वहिनी, मला तिथं घेऊन चला." ते कधीच आले नव्हते, बायकोच्या या नादाला हसायचे. दोघं गप्प बसलो. बऱ्याच वेळाने खोक्याच्या तोंडाशी दोन डोळे दिसले. दिरांनी घाईने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला लावला. कुणाला लावला, ते मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं, रेखाच्याच नंबरला. रेखाचा फोन त्यांची लेक अजून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवते.

घंटा वाजत राहिली. मग पलीकडून पोरीचा आवाज आला, "बाबा... आली का ती बाहेर?"

वाघाटी खाली उतरून पाण्यापाशी आली होती. दिरांनी फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि हळू आवाजात म्हटलं, "आली, बाळा. पाणी पितीय."