अंगणवाडीतलं अंगणवाडीत

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या पाड्यात कुणालाही विचारा. सासू म्हणायची, शालूला सांगितलं की दवंडी पिटायचा त्रास वाचतो. कौतुकानं म्हणत नव्हती हो. पण मी म्हणते, देवानं तोंड दिलंय ते काय नुसती भाकरी खायला? तर अशी मी, आणि नोकरी मिळाली कुणाच्या हाताखाली, तर आनंदीताईंच्या. अकरा वर्षं झाली. त्या अंगणवाडी सेविका, मी मदतनीस. त्या पोरांना गाणी शिकवतात, वजनं घेतात, मोबाइलात माहिती भरतात. मी घरोघरी जाऊन पोरं गोळा करते, खिचडी रांधते, नाकं पुसते.

ताईंचं माहेर चिंचणीचं, सासर उमरोळीला. तिथून स्कूटीवर येतात, साडेनऊच्या आत. बाई तशी हसरी, पोरांत पोर होणारी, पण एका बाबतीत अशी कडक की विचारू नका. अंगणवाडीतलं अंगणवाडीत राहिलं पाहिजे. कुठलं पोर घरचं काय बोललं, कुणाची आई दुसऱ्यांदा गरोदर आहे, कुणाला गोळ्या चालू आहेत, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर जायचं नाही. त्यांचे यजमान रामनाथभाऊ मला एकदा म्हणाले, शालू, हिच्यापेक्षा आमच्या न्हाव्याकडून मला तुमच्या पाड्याची बातमी लवकर कळते.

कुणाच्या घरी गेल्या तर ताई पाणी पितात, चहा घेत नाहीत. मी पहिल्या वर्षी विचारलं, का हो, साखर वर्ज्य आहे का? म्हणाल्या, चहाला बसलं की शेजारणीचा विषय निघतो. कुणी पपई आणून दिली तर तिथंच कापून सगळ्या पोरांना वाटतात. घरी एक फोड नेत नाहीत. सासवा येतात गोड गोड बोलत, आमची सून इंजेक्शनाला येते का हो वेळेवर? ताई म्हणतात, सूनबाईंनाच विचारा, मावशी. मला तर हे सगळं ऐकून गुदमरायला व्हायचं. एवढं माहीत असून बाई गप्प बसते तरी कशी?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं असतात. ताई दार लोटून घेतात, एका वेळी एकच आई आत, बाकीच्या बाहेर ओट्यावर. काट्यावरचा आकडा आईला बोटानं दाखवायचा, मोठ्यानं बोलायचा नाही. मोबाइलात मग रंग येतो. हिरवा म्हणजे पोर चांगलं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे फारच अशक्त. मी नवी असताना एकदा काट्याजवळून ओरडले होते, अगोबाई, एवढंसंच वजन! त्या दिवशी पोरं घरी गेल्यावर ताईंनी मला समोर बसवून जे सुनावलं, त्यानंतर मी वजनाच्या दिवशी तोंडात सुपारी धरूनच उभी राहायला लागले.

गेल्या पावसाळ्यात दीपिका लालमध्ये गेली. ठकी आणि बुधाची पोरगी, तीन वर्षांची, डोळे मोठे मोठे आणि हातपाय काड्यांसारखे. ठकीचं घर टेकडीच्या पायथ्याशी, थोडं भात आहे, नाचणी आहे. बुधा बोईसरला एका कारखान्यात कंत्राटावर जातो. घरात हेळसांड नव्हती बरं का, मी रोज जाते, मला माहीत आहे. पोरीला आषाढात ताप आला, मग जुलाब, ते हटायलाच तयार नव्हते, त्यातच वाळली. डॉक्टर म्हणाले, वरचं खाणं रोज द्या. दीड-दोन महिन्यांत वजन नाही वाढलं तर चौदा दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल आणि आईला सोबत राहावं लागेल. चौदा दिवस! म्हणजे नेमकी भातकापणी. ठकीचा चेहराच उतरला.

वरचं खाणं म्हणजे काय, तर तूप घातलेली खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. पण हे सगळ्यांदेखत एकाच पोराला दिलं की बाकीची घरी जाऊन सांगणार, दीपिकाला दोन लाडू मिळतात. आणि मोठ्यांना दोन लाडवांचा अर्थ लगेच कळतो. मग ताईंनी युक्ती काढली. दीपिकाला करून टाकलं खेळणी आवरणारी बाई. सुटी झाली की तिनं थांबायचं, ठोकळे डब्यात भरायचे, आणि मग मागं बसून खायचं. एकटी थांबली तर कुणाच्या डोळ्यांवर येईल, म्हणून सोबत भावेशला थांबवायचं. भावेश चांगला हिरव्यातला गडी. त्या महिन्यात तो असा काही सुटला की त्याच्या आईनं चड्डीची बटणं दोनदा सरकवली. दीपिकाही भरत होती, हळूहळू. तीन आठवड्यांत काटा पाव किलोनं सरकला तेव्हा ठकीनं आत मोबाइलकडं बघून हात जोडले होते.

आणि मग माझं तोंड.

कमलाकांतकाका आमच्याकडचे मोठे बागायतदार, चिकूची वाडी आहे, एकदा पंचायतीत निवडूनही आलेत. माणूस मनानं सोनं, फक्त केलेलं पुण्य दिसलं पाहिजे असं त्यांना वाटतं. त्यांची साठी होती. ताईंकडं आले आणि म्हणाले, अशक्त पोरांची नावं द्या, पौष्टिक पावडरीचे डबे वाटतो. ताई म्हणाल्या, काका, डबे इथं आणून द्या, आम्ही पोचवू, नावं मिळणार नाहीत. काका हिरमुसले. बाहेर पडताना मला म्हणाले, शालू, चांगल्या कामाला पण आडकाठी बघ ताईंची. मला त्यांची दया आली. पोरीला डबा मिळाला तर वाईट काय? मी हळूच म्हटलं, काका, आमच्या ठकीची दीपिका हाय बघा, लय वाळलीय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी काका गेले ठकीच्या अंगणात. पुतण्या मोबाइल घेऊन, दोन डबे, एक शाल. ठकी बिचारी भांडी घासत होती, तिला उभं केलं, दीपिकाच्या हातात डबा दिला आणि काढला फोटो. संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर तो आला. खाली लिहिलेलं, कुपोषित बालिकेस वाढदिवसानिमित्त मदत. पोरीचं नाव, आईबापाचं नाव, सगळं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

फोटो फिरत फिरत बोईसरला पोचला. बुधाच्या लाइनीवरचा एक जण त्याला सगळ्यांसमोर मोबाइल दाखवून म्हणाला, "बुधा, ये तेरी बेटी है? घर में खाना नहीं देता क्या?" बुधा तसाच उठला. डबा न खाताच घरी आला, आणि ठकीला म्हणाला, पोरगी उद्यापासून अंगणवाडीत जाणार नाही. कमलाकांतकाकांचे दोन्ही डबे त्यानं काकांच्या फाटकासमोर नेऊन ठेवले.

सोमवारी मी पोरं गोळा करायला गेले तर ठकीचं दार बंद. ताईंनी दुपारी मला विचारलं, "काकांना नाव कुणी सांगितलं?" मी गप्प राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी गप्प, म्हणजे त्यांना उत्तर मिळालंच. मला वाटलं आता काढणार माझी खरडपट्टी. काढली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू वाईट मनानं केलं नाहीस, ते मला कळतं. पण ती गोष्ट तुझी नव्हती, शालू." मला इतकी लाज वाटली की मी खिचडीचं पातेलं घासायला घेतलं, ते घासलेलंच होतं.

ताई काकांकडं गेल्या, मोबाइलवरचा तो फोटो काढून टाकायला लावला. काकांना खरंच वाईट वाटलं, ते बुधाकडं माफी मागायलाही गेले. पण लोकांच्या मोबाइलातून कोण काढणार? ताई स्वतः दोनदा ठकीकडं गेल्या. सुपरवायझर मॅडमही जाऊन आल्या. ठकी दारातच आली नाही. इकडं दिवस चालले होते, आणि मला रोज त्या पोरीचे हातपाय दिसायचे. शेवटी ताई म्हणाल्या, आता तू जा.

पहिल्या दिवशी मी अंडी घेऊन गेले. ठकी म्हणाली, घेऊन जा, नायतर याचा पण फोटो काढशील. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं गेले आणि शेताच्या बांधावर उभी राहून माफी मागितली. ती गवत कापत होती, कापतच राहिली. तिसऱ्या दिवशी मी जाऊन सरळ तिच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, शिव्या दे, मार, काय करायचं ते कर, पण पोरीला पाठव. दीपिका आतून बघत होती. पुन्हा उतरली होती पोर, गालफडं बसलेली.

ठकी कोयता बाजूला ठेवून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "तू माजी गोष्ट लोकांना सांगलीस. आता तुजी एक मला सांग. जी कुणाला नाय सांगलीस ती."

मला हसूच आलं. माझी कसली गोष्ट? मी तर सगळं सांगूनच टाकते. म्हटलं, बरं, ऐक, मी केसांना काळा रंग लावते. ठकी म्हणाली, ते दिसतंच हाय. म्हटलं, अंगणवाडीतल्या अंड्यांतलं मी कधीकधी एक खाते. ती म्हणाली, ते पाड्यातल्या पोरापोराला म्हाईत हाय. मग म्हटलं, नवऱ्याशी भांडण झालं की मी त्याच्या भाजीत मुद्दाम मीठ जास्त टाकते. यावर तिनं हात झटकला.

आणि मग मी बसल्या बसल्या गप्प झाले. कारण एक गोष्ट होती. पोटात काही न राहणाऱ्या माझ्या पोटातही एक होती, बावीस वर्षांची. सासू मरेपर्यंत तिला सांगितली नव्हती, नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मला वाटत होतं ती मी विसरले. उठून निघून जावं असं वाटलं, आणि आत ती पोर दाराला धरून उभी होती.

मी सांगितली. सगळी सांगितली, पहिल्यापासून. मधे रडले, थांबले, परत सांगितली. ठकीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आता बराबर झाला."

बुधाला तिनं काय समजावलं कोण जाणे, पण सोमवारी दीपिका तिच्या कडेवर बसून आली. ठकी ताईंना म्हणाली, चौदा दिवस मला जमणार नाय, तुमी खायला घाला काय ते. आणि ताईंनी घातलं. मीही घातलं. अंड्याला हात लावला नाही हो, शपथ. भावेशची थांबायची ड्यूटी पुन्हा लागली, तो खूश.

मी मात्र आठ दिवस धड जेवले नाही. नळावर ठकी बायकांत बसलेली दिसली की मी लांबच थबकायचे. ती हसली की वाटायचं, सांगितलं. दोघी हळू बोलताना दिसल्या की वाटायचं, माझंच चाललंय. भांडं भरून उचलायचं सोडून मी तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात असली की जीव कसा टांगणीला लागतो, ते मला पन्नाशीत कळलं. ठकी एक शब्द बोलली नाही. आजपर्यंत नाही.

भातकापणी झाली, दवाखान्याची पाळी आली नाही. दिवाळीनंतरच्या वजनात दीपिका पिवळ्यात आली आणि पौषात हिरव्यात. ताईंनी ठकीला बोटानं आकडा दाखवला. ठकीनं पदर तोंडाला लावला. मी सुपारी तोंडात धरून उभी होते, डोळे मात्र भरून आले ते आले.

पोरं घरी गेल्यावर ताई रजिस्टर आवरत होत्या. मला म्हणाल्या, "शालू, मी दोनदा गेले, मॅडम गेल्या, ती दारात आली नाही. तू असं काय सांगितलंस तिला?"

ताईच त्या. त्यांच्या पोटात गेलेलं कधी बाहेर येणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सांगितलं असतं तरी चाललं असतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. मी गिळलं. म्हटलं, "ताई, ते ठकीचं नि माझं हाय. तुमाला नाय सांगणार."

ताईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. परत काही त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.