कट्ट्यावरचं तेल

मृणाली चौलची. अलिबागच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती काम करते. लग्न केलं नाही. का, हे विचारायचं लोकांनी हळूहळू सोडून दिलं. धाकटा भाऊ विनेश उरणला गोदामात होता. ते काम सुटल्यावर त्याने नागावच्या रस्त्याला लाकडी घाणा टाकला. खुरासणीचं तेल काढायचं, पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि दुकानाच्या कट्ट्यावर मांडायचं. ऊन पडलं की बाटल्या चमकत. पर्यटक गाडी थांबवत ते त्या बघूनच.

एकदा तो म्हणाला, "ताई, हल्ली लोक विचारतात, अँटिऑक्सिडंट किती? मोजून दे ना. लेबलवर छापतो."

प्रयोगशाळेच्या सरांना विचारून मृणालीने दोन नमुने घेतले. एक घाण्यातून नुकतंच काढलेलं तेल, दुसरं कट्ट्यावरच्या बाटलीतलं. जांभळ्या द्रावणात तेल मिसळायचं. तेलाला खवट होऊ न देणारे घटक जितके जास्त, तितका जांभळा रंग उतरतो. किती उतरला ते यंत्र सांगतं. ताज्या तेलाने द्रावण पिवळट झालं. बाटलीतल्या तेलाने जेमतेम फिकं पडलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा करून पाहिलं. तेच.

"मग ताज्याचा आकडा दे," विनेश जेवताना म्हणाला.

"लोक नेतात ते बाटलीतलं."

"तेल एकच हाय ना?"

"होतं. उन्हात राहून उतरलं. बाटल्या आत ठेव, काळोखात."

"आतल्या बाटल्या बघायला कोण थांबेल?"

"बहिणीचं ऐकलंस तर काय बिघडंल?" त्यांची आई नीराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. विनेश पानावरून उठला.

मृणालीने आकडा दिला नाही. विनेशने ताजं तेल मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून आकडा आला, ताज्या तेलापुरता तो खराच होता, आणि लेबलवर छापला गेला. भाऊबीजेला विनेश आला, ओवाळून घेतलं, लवकर निघाला. आकड्याचं मृणालीला फारसं वाटलं नाही. भाऊ आता आपल्याला काही विचारणार नाही, याचं वाटलं.

मे महिन्यात एका बाईंनी खवट तेलाची बाटली परत आणली. विनेशने मुकाट्याने दुसरी दिली, आणि अर्ध्या बाटल्या आत हलवल्या. अर्ध्या कट्ट्यावरच राहिल्या. जाता-येता मृणालीला ते दिसलं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, आता तिळाचं काढतोय. बघशील का एकदा?"

"आणून दे," ती म्हणाली. "दोन्ही आण. आतलं आणि बाहेरचं."

तो म्हणाला, "आणतो."