आकाशातली वाट शोधणारे विश्वनाथअप्पा

विश्वनाथअप्पा वालूरकर यांची आणि माझी पहिली भेट पिंगळी स्टेशनवर झाली. निजामी राजवट शेवटच्या घटका मोजत होती. परभणीच्या एका खासगी शाळेत मी मराठी शिकवायला रुजू होणार होतो. शहरात गडबड असल्यानं मला अलीकडच्या स्टेशनवर, पिंगळीला, उतरायला कळवलं होतं. मला घ्यायला आले ते आप्पा. कपाळी भस्म, पांढरं धोतर, पायात मात्र लष्करी बूट. ते शाळेत गणित आणि भूगोल शिकवत. माझी ट्रंक टांग्यात ठेवता ठेवता ते शाळेविषयी सांगत होते, इतक्यात वरून एक विमान गेलं. आप्पा बोलायचे थांबले. आवाज पार विरेपर्यंत ते ट्रंकेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. मला काही कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

पुढे शाळेतल्या सहकाऱ्यांकडून समजलं, की आप्पा महायुद्धात चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते. नॅव्हिगेटर म्हणजे विमानातला वाटाड्या. आपण कुठं आहोत, वारा किती ढकलतोय, घरी जायचं तर नाक कुठल्या दिशेला धरायचं, हे सगळं त्यानं नकाशावर पेन्सिलीनं मांडायचं आणि वैमानिकाला सांगायचं.

वालूरच्या कापड दुकानदाराचा हा मुलगा हैदराबादला गणित शिकत असताना भरती झाला. वडिलांनी विरोध केला, मग हात टेकले. आईला मात्र एवढंच सांगितलं, की पोरगा विमानखात्यात हिशेब लिहितो. त्या माउलींना मी नंतर भेटलो. त्या हसून म्हणाल्या, "मास्तर, ह्यांचा सोमवारचा उपास पहिल्यापासून होता. पोरगं गेल्यावर गुरुवारचाबी धरला. मी म्हनलं, हिशेब लिहिनाऱ्या लेकरासाठी कुनी दोन-दोन उपास करतं व्हय? मला सगळं म्हाईत हाय. मग दोघंबी लय रडलो. पर पुन्ना त्या गोष्टीचं नाव न्हाई काढलं." लढाई संपेपर्यंत त्या घरात रोज दिवा लागे, स्वयंपाक होई आणि दोन माणसं एकमेकांची नजर चुकवून जेवत.

आप्पा स्वतः या विषयावर बोलत नसत. ते बोलले ते अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात. गावोगावी निजामाच्या हत्यारबंद टोळ्यांची दहशत होती. शाळा बंद पडल्यात जमा होती. माझी मुलगी तान्ही होती. निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात, माझे सासरे होते; तिकडं निघून जावं की इथंच दार लावून बसावं, हे मला ठरवता येईना. मी आप्पांना विचारलं, "तुम्ही खात्रीनं सांगा, काय करू?"

"खात्रीनं मला न्हाई सांगता येनार," ते म्हणाले, आणि मग त्यांनी हे सांगितलं.

त्यांचं विमान बंगालमधल्या तळावरून ब्रह्मदेशातला एक रेल्वेपूल उडवायला गेलं होतं. विमानात आठ जण. वैमानिक वॉल्टर कॅनडाचा, शेपटीकडचा तोफची जिमी इंग्लंडचा, अजून मिसरूड न फुटलेला. परतताना खालून तोफेचा गोळा आला आणि शेपटीपाशी फुटला. जिमीचा हात कोपराखाली गेला. बिनतारी यंत्र बंद पडलं, एका टाकीतून पेट्रोल गळू लागलं. खाली ढग, वर ढग. आणि विमानातली दोन होकायंत्रं दोन वेगळ्या दिशा दाखवू लागली. एक वैमानिकाच्या समोरचं, दुसरं आप्पांचं. खऱ्यावर विश्वास ठेवला तर पुढं किनारा होता. चुकीच्यावर ठेवला तर उघडा समुद्र, आणि परत फिरायला पेट्रोल नाही. कुठलं खरं, हेच कळत नव्हतं.

वॉल्टरनं विचारलं, "कुठं वळू?"

आप्पांच्या होकायंत्राचा मुख्य भाग शेपटीकडं होता, म्हणजे जिथं मार बसला तिथंच. पण वॉल्टरचं होकायंत्र आदल्याच फेरीत बिघडलं होतं आणि दुरुस्त होऊन आलं होतं. सूर्य दिसता तर पडताळा घेता आला असता. सूर्य दिसेना. आप्पांचा एक हात पेन्सिलीवर होता, दुसरा गळ्यातल्या इष्टलिंगावर. ते म्हणाले, "तुझ्या यंत्रावर चल."

"खात्री आहे?"

"नाही. माझं यंत्र मार खाल्लेल्या जागी आहे, एवढंच मला माहीत आहे. बाकी काही माहीत नाही. पण वळायचं तर आत्ता."

वॉल्टर वळला. त्यानंतर कुणीही आप्पांना काही विचारलं नाही. "मास्तर, ते लय जड गेलं बगा," आप्पा मला म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सात जनं गप. मागं जिमी कन्हायलाय, आन मी नकाशाकडं बघायलोय. नकाशावरची रेघ माझी, जीव त्यांचे."

अखेर ढगाला एक भोक पडलं. खाली समुद्रच होता. आप्पा खिडकीशी वाकले. मग त्यांनी नीट पाहिलं. पाणी निळं नव्हतं, गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे नदीचं मुख, आणि नदीचं मुख म्हणजे किनारा जवळ. ते ओरडले तेव्हा त्यांच्या तोंडून मराठीच बाहेर पडलं, आणि ते सगळ्यांना समजलं. किनाऱ्यालगतच्या एका धावपट्टीवर ते उतरले. जिमी वाचला.

मला वाटलं, गोष्ट संपली. मी म्हणालो, "म्हणजे तुमचा अंदाज बरोबर ठरला."

आप्पांनी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना हिवतापानं गाठलं. ते आणि जिमी इस्पितळात असताना वॉल्टर नवं विमान घेऊन निघाला, बाकीचे तेच सोबती, नॅव्हिगेटर मात्र दुसरा. निघण्याआधी तो आप्पांच्या खाटेपाशी आला होता. आप्पांनी तापात त्याला वाऱ्याविषयी, ढगांविषयी, वळायच्या जागेविषयी सगळं समजावलं. वॉल्टर म्हणाला, "तू झोप. उद्या येऊन सांगतो." ते विमान परत आलं नाही. कुठं पडलं, हे कुणालाही कळलं नाही.

"मी वाट सांगितली आन खाटंवर पडून ऱ्हायलो," आप्पा म्हणाले. "ती वाट बरोबर होती का चूक, हे मला अजून म्हाईत न्हाई. आता तुमी इचारलंव, तर सांगतो. ऱ्हान्यात धोका हाय, जान्यात बी हाय. लेकरू तान्हं हाय म्हनून मला जानं बरं दिसतंय. पर वाट सांगून मी घरी बसनार न्हाई. मी संगं येतो."

आणि ते आले. बैलगाडीत माझी पत्नी, मुलगी आणि आमचं गाठोडं. आप्पा गाडीपुढं चालत. दुरून धूळ दिसली की गाडी बाभळीआड लावायची, धूळ बसली की निघायचं. एका वस्तीवर काही हत्यारबंद माणसांनी अडवलं. आप्पा त्यांच्याशी दख्खनी उर्दूत शांतपणे बोलले, लेकराला ताप आहे म्हणाले, आणि त्यांनी गाडी सोडली. वस्ती मागं पडल्यावर आप्पा वाटेच्या कडेला बसले आणि तांब्यातलं सगळं पाणी एका दमात प्याले. या माणसाला भीती वाटत नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटते, आणि ती घेऊनच ते पुढं चालतात.

हद्दीवरच्या पैनगंगेला पाणी गुडघ्याएवढं होतं. गाडी पलीकडं चढली. मी म्हणालो, "आप्पा, तुम्हीही इकडंच राहा." ते म्हणाले, "आई-वडील वालूरला हायत, मास्तर." आणि आम्ही पलीकडच्या गावात शिरेपर्यंत ते काठावर उभे राहिले. मग वळून एकटेच, आलेल्या वाटेनं निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. आमच्यासाठी आलेल्या माणसाचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. सासऱ्यांच्या घरी ताट पुढं आलं की घास उतरत नसे. राजवट बदलली, रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी आधी वालूर गाठलं. दुकानाच्या पायरीवर आप्पा कापड मोजत बसले होते. मला पाहून त्यांनी गज खाली ठेवला. आम्ही पायरीवरच एकमेकांचे हात धरून उभे राहिलो. शेवटी त्यांच्या आईच आतून म्हणाल्या, "आरं, आत तरी या दोघं!"

पुढे आम्ही कितीतरी वर्षं एकाच शाळेत शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज या जिल्ह्यात आणि बाहेर मोठ्या जागांवर आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात ती लिहितीलच. मला एवढंच सांगायचं होतं, की हे शिक्षक वर्गात येण्याआधी कुठून चालत आले होते.

आज आप्पा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नातवंडांच्या संगतीत त्यांना पोटभर हसू लाभो, आणि सुखाची झोप मिळो. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची काळजी वाहिली. आप्पा, आता पुढची पुष्कळ वर्षं ती आमच्याकडं द्या. तुमची काळजी आम्ही करू.