लालबागच्या वखारवाल्या चाळीत दक्षिण आफ्रिकेला चहा मिळत नाही

१. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी आणि थांडी गिरगावातून निघालो.
२. दादरला वही मिळाली नाही.
३. परळला वहीऐवजी कांबळेकाका मिळाले.
४. लालबागला वही मिळाली.
५. चहा मिळाला नाही.
६. कारण त्या चाळीने दक्षिण आफ्रिकेवर घातलेला बहिष्कार अजून उठवलेला नाही.

आता सविस्तर.

थांडी आमच्या कंपनीच्या डर्बन ऑफिसात पुलांचे जोड आणि बेअरिंग तपासते. मी इथे तेच करते. ती कामासाठी महिनाभर मुंबईत आली आहे आणि सोबत घरचं एक काम घेऊन आली आहे. तिचे वडील तरुणपणी मुंबईत शिकत होते. अडीच वर्षं ते लालबागच्या वखारवाल्या चाळीत राहिले. त्यांच्या देशात तेव्हा काळ्या माणसाला मत नव्हतं. निघताना त्यांनी चाळीला शब्द दिला होता, "मत दिलं की तुमच्याकडे चहा प्यायला येईन." मत दिलं, यायचं राहिलं. आता हृदयामुळे डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत. म्हणून त्यांनी मुलीला सांगितलं, "तू पिऊन ये आणि तिथूनच मला फोन कर. आणि सभेच्या वहीत माझा ठराव आहे, त्याचा फोटो काढ."

एक चहा, एक फोटो. मी अर्धा दिवस धरला होता.

गिरगावात मिसळ खाऊन निघालो. अशी फेरी करणाऱ्यांनी पोटभर खाऊन निघू नये, हे मला दुसऱ्या थांब्यावर कळलं. दादरला टॅक्सीने गेलो. फुलबाजाराच्या बाजूने जाऊ नका, शनिवारी तिथे टॅक्सी उभीच राहते. चाळीच्या तेव्हाच्या अध्यक्षांची मुलगी मालतीताई तिथे राहतात. त्यांनी साबुदाणा वडे पुढे ठेवले, नाही म्हटल्यावर आणखी दोन ठेवले आणि मग सांगितलं, "वही चिटणीसाकडे, म्हणजे परबांकडे. ते ओळखीशिवाय दाखवत नाहीत. आधी परळला कांबळ्यांना गाठा. दोघांचं पटत नाही, पण परब ऐकतात ते त्यांचंच."

कांबळेकाका मुलाकडे एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. चाळीतली खोली अजून त्यांच्या नावावर आहे. थांडी कोणाची मुलगी हे कळल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले.

"तुझा बाप कॅरममध्ये राणी घ्यायचा आणि कव्हर विसरायचा," ते म्हणाले. मग मला विचारलं, "परबाने ठराव उठवला का?"

"माहीत नाही."

"म्हणजे नाही उठवला. थांबा, बूट घालतो. हे भांडण फोनवर होत नाही."

परळहून लालबाग जवळ आहे. चालत जायला हरकत नाही. मसाल्याच्या गल्लीत मिरची कांडत असतील तर नाकाला रुमाल लावा. थांडीने लावला नाही. ती चाळीत शिंकतच शिरली.

चाळ तीन मजली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचे लोखंडी ब्रॅकेट गंजलेत, तिथे घोळक्याने उभे राहू नका. पुनर्विकासासाठी महिनाअखेर चाळ रिकामी होणार आहे. बहुतेक खोल्यांना कुलूप आहे, सातच घरं उरली आहेत. परबकाका पूर्वी गिरणीच्या टाइम ऑफिसात होते आणि गेली चाळीस वर्षं चाळीचे चिटणीस आहेत. आम्ही गेलो तेव्हा ते घड्याळाला चावी देत होते.

परबकाकूंनी थांडीचं नाव विचारलं.

"थंडी? थंडीत झाली काय गो ही?"

तिच्या भाषेत थांडी म्हणजे प्रेम. हे मी सांगेपर्यंत काकूंनी तिला शेजारी बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि आधण ठेवायला त्या उठल्या होत्या.

"चहा नाही," परबकाका म्हणाले.

"अहो, पोर कुठून आलीय!"

"कुठून आलीय, म्हणूनच नाही."

मग त्यांनी वही काढली. ठरावाची भाषा अशी आहे: "दक्षिण आफ्रिका या देशास वाळीत टाकण्यात येत आहे. तेथे सर्वांस समान मत मिळेपर्यंत, व तसे कळल्यावर सभा ठराव मागे घेईपर्यंत, सदर देशाशी चहापाणी, देवाणघेवाण व सोयरीक बंद. तेथील हिरे कोणी घेऊ नयेत." सूचक म्हणून थांडीच्या वडिलांची सही आहे. खाली "एकमताने मंजूर" लिहून परबकाकांनीच ते खोडलं आहे आणि "एक विरुद्ध" केलं आहे.

"हिरे कोणी घेत होतं?" मी विचारलं.

"त्यानंतर कोणी घेतला नाही," परबकाका म्हणाले.

"त्याआधी तरी कोणी घेतला होता?" कांबळेकाका म्हणाले. "आणि तो एक विरुद्ध मी. बहिष्काराला विरोध नव्हता. त्या पोराने इंग्रजीत नीट लिहून दिलं होतं, याने त्याची गावकीची भाषा केली. म्हटलं, वाळीत टाकणं म्हणजे काय ते आम्हाला विचार. टाकायचं तर सरकारला टाक. तुझ्या ओट्यावर बसलाय त्याला कशाला?"

"ठरावात देश आहे. तो देशाचाच होता."

ठराव मंजूर झाल्याबरोबर मांडणाऱ्याचाच चहा बंद झाला. तो सगळ्यांत जास्त हसला, असं काकू म्हणाल्या. मग दोन वर्षं त्याने त्यांच्याकडे कोकम सरबत घेतलं. सरबत ठरावात नव्हतं.

मत दिल्यावर त्याने चाळीला पत्र पाठवलं: "झालं. आता चहा." पत्र वहीला टाचलेलं आहे. मी पुढची पानं चाळली. प्रत्येक वार्षिक सभेत तोच शेवटचा विषय: "आफ्रिका. वेळेअभावी पुढील सभेत." त्याआधीचे विषय पाण्याचा पंप, पंप, टाकीची गळती, पंप.

"पंप महत्त्वाचा होता," परबकाका म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"एक कप, परब," कांबळेकाका म्हणाले. "वहीत लिहू नकोस."

"तिच्या बापाने दोन वर्षं एक घोट घेतला नाही. आज हिला गुपचूप दिला, तर तो काय उगाच सरबत प्यायला?"

मी थांडीला भाषांतर करून सांगितलं. तोवर काकूंनी हट्टाने कप आणून ठेवला होता. थांडीने तो दोन बोटांनी मागे सरकवला आणि विचारलं, "ठराव मागे कसा घेतात?"

सभा घेऊन. कोरम अकरा खोल्यांचा, खोलीमागे एक माणूस. परबकाकांनी पुढच्या रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. विषय एकच, पंप नाही. सात घरं, आठवे कांबळेकाका. मालतीताईंच्या वडिलांची खोली आता त्यांच्या नावावर आहे. फोनवर त्यांनी होकार दिला, त्या नवव्या. सभा अंगणात होईल, गॅलरीत नाही. ही अट माझी.

थांडीने चाळीतून वडिलांना फोन लावला. मी जिन्याकडे जाऊन थांबले. पलीकडचं हसणं तिथपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी गिरगावात, माझ्या घरी, मी विचारलं, "चहा?" थांडी ऑफिसात दिवसातून चार कप पिते. ती म्हणाली, "कॉफी."

या फेरीत पाहण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी त्या वहीचं नाव घेईन. माझ्या धंद्यात जोड कुठे सुटतो ते शोधायचं असतं. त्या वहीत एक जोड चाळीस वर्षं सुटलेला नाही, आणि तो धरून ठेवायला वेळ नसणं पुरलं. पण महिनाअखेर चाळ गेली की सभा नाही, आणि सभा नाही तर ठराव कायमचा चालू.

सभेच्याच रविवारी रात्री थांडीचं विमान आहे. दोन खोल्या कमी पडतात. वखारवाल्या चाळीत तुमची किंवा तुमच्या घरच्यांची खोली असेल, तर खोली क्रमांक आणि सभेला कोण येणार ते खाली प्रतिक्रियेत लिहा. परबकाका शुक्रवारी सकाळी फळ्यावर नोटीस लावणार आहेत आणि नंतर नाव घालत नाहीत. म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.